तांब्या तसाच रायला

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती लाखांदूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धानाचा भाव, आईचे गुडघे, कोणाकडे कोणाचं लग्न जमलं हे सगळं झालं आणि ती एकदम म्हणाली, "भाऊ, आबाजीच्या दंडारीची ती चाल आठवते का तुले? माह्या पोरायले पाहिजे होती."

मी विचारलं, कशाला?

तर गोष्ट अशी. चौथी-पाचवीच्या मुलांना ती धडा वाचून झाल्यावर 'गोष्ट थोडक्यात लिहा' असं सांगायची. मुलं एक तर धड्यातली पहिली चार वाक्यं उतरवून काढत, नाहीतर पेन्सिल चावत बसत. दोन-तीन वर्षांपूर्वी वैतागून तिने सांगितलं की लिहू नका, गाणं करा. चाल कोणतीही घ्या, भजनाची, सिनेमाची, मंडईत ऐकलेली, पण अख्खी गोष्ट एका गाण्यात बसली पाहिजे आणि ज्यानं गोष्ट वाचलीच नाही त्याला ऐकून कळली पाहिजे. तेव्हापासून त्या वर्गात हे चालू आहे. तिने एका मुलीचं गाणं मला मोबाइलवर पाठवलं. गोष्ट श्रावणबाळाची. चारच ओळी:

आई म्हने तहान, बाबा म्हने तहान,
बोडी दूर, तांब्या लहान,
बान आला रातीतून,
तांब्या तसाच रायला.

मी ते तीनदा ऐकलं. मग ऑफिसातून निघून बसस्टॉपवर उभं राहून परत एकदा. आता या विषयावर लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी 'बोडी' म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या मंडळींना कळणार नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात शेताच्या वरच्या अंगाला पावसाचं पाणी अडवून केलेलं छोटं तळं म्हणजे बोडी. मोठं असेल तर तो मालगुजारी तलाव, बोलताना नुसता 'मामा तलाव'. या तलावांचं बरंचसं श्रेय कोहळी समाजाकडे जातं. शेकडो वर्षांपूर्वी त्यांनी जमिनीचा उतार वाचून पाळी घातल्या आणि धान पिकवला. तलावांचा जिल्हा ही आमची ओळख तेव्हापासूनची. तर या पोरीच्या श्रावणबाळाला शरयू नदी ठाऊकच नाही. तो पाणी आणायला बोडीवर जातो. बहिणीने ते खोडलं नाही. मी तिच्या जागी असतो तर खोडलं असतं की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून होते ती झाडीपट्टी. (गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. आमच्या लहानपणी सगळं भंडाराच होतं, अजूनही तोंडात तेच येतं.) दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली की इथे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी-जावई येतात, दिवसा खडी गंमत आणि रात्री नाटक. खडी गंमतीत दोन शाहिरांचे ताफे आमनेसामने उभे राहतात. एकाने पुराणातला प्रश्न गाण्यात टाकायचा, दुसर्‍याने गाण्यातच उत्तर द्यायचं. दंडार त्याहून जुनी. झाडीपट्टीचं आजचं नाटक, ज्याच्या कंपन्यांचं वडसा हे मोठं ठाणं आहे, ते या दंडारीच्याच पोटातून आलं असं जाणकार सांगतात.

आमचे आबाजी, म्हणजे आईचे वडील, दंडारीत गायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. सही करायचे, तीसुद्धा चित्र काढल्यासारखी. पण महाभारत त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते कसं झालं हा या लेखातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे.

श्रावणात गावात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप. हा ग्रंथ १७१२ चा. त्याआधीचे हरिविजय (१७०२) आणि रामविजय (१७०३) हेही त्यांचेच. महाराष्ट्रात ज्यांना वाचता येत नव्हतं त्या लाखो लोकांना रामायण-महाभारत कळलं ते या तीन पोथ्यांतून. पंढरीकडच्या या कवीचं बोट धरून आमच्या धानाच्या मुलखातले लोक हस्तिनापुरात जाऊन यायचे. एक जण वाचायचा, एक जण अर्थ सांगायचा, आणि आबाजी देवळाच्या खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायचे. दिवसभर रोवणी करून आलेला माणूस. आम्हाला वाटायचं झोपले.

श्रावण ते कार्तिक म्हणजे तीन महिने. तेवढ्यात पोथीतला एखादा प्रसंग मंडईसाठी गाणं होऊन तयार व्हायचा. पोथीत जो प्रसंग दोन रात्री चालला तो गाण्यात अर्ध्या तासात बसवायचा. कागद नाही, पेन नाही. शेताच्या धुर्‍यावरून चालताना ते पुटपुटत असत. मी मागे-मागे. एकदा त्यांनी मला सांगितलं, "पयले धृपद पाय. धृपद सापडलं का अर्धी गोठ झाली." गोठ म्हणजे गोष्ट. धृपद शोधायला ते एकच प्रश्न विचारत, "गोठ कोनाची हाये?"

तेव्हा मला तो प्रश्न बावळट वाटला होता. द्रौपदी वस्त्रहरणाची गोष्ट द्रौपदीची, त्यात काय विचारायचं? पण आबाजींनी त्या वर्षी ती गोष्ट केली होती सभेत खाली मान घालून बसलेल्या भीष्माची. धृपदात तोच. दर कडव्यात काहीतरी घडायचं आणि धृपदाला येऊन परत तो म्हातारा मान खालीच घालून बसलेला. झील धरणारे आम्ही पोरं तेच-तेच म्हणत राहायचो आणि ऐकणारे मात्र दर वेळी जास्त चिडत जायचे. बायका तर भीष्माला उघड शिव्या द्यायच्या. सारांश या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला होता असं आता म्हणता येईल. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो आणि मला फक्त झोप येत होती.

आता ते कारण सांगतो. सहावीत असताना परीक्षेत एका गोष्टीचा सारांश लिहायचा होता. मी दंडारीच्या चालीवर लिहिला. धृपद, तीन कडवी, सगळं व्यवस्थित. गुरुजींनी पेपर वाटताना तो वर्गात मोठ्याने वाचला, माझ्याच बोलीत, मुद्दाम ओढून-ताणून. झाडीबोलीत 'ण' नाही, 'न' आहे. 'ळ'चा बर्‍याच ठिकाणी 'र' होतो, डोळ्याचा डोरा होतो. ते सगळे 'न' आणि 'र' एकेक करून वर्गाला दाखवले गेले. हसले सगळेच. ते स्वतःही असंच बोलणारे, त्याच गावातले, पण त्या दिवशी नव्हते. मार्क किती पडले हे आठवत नाही.

त्या वर्षी मंडईला आबाजींनी झील धरायला बोलावलं तेव्हा मी म्हणालो, अभ्यास आहे. पुढच्या वर्षीही अभ्यास होता. तिसर्‍या वर्षी त्यांनी बोलावलं नाही.

असो.

इतिहासाकडे वळतो, कारण बहिणीला मी फोनवर मोठ्या तोंडाने म्हणालो होतो, "हे सारांश वगैरे काही नाही, ही नुसती करमणूक आहे." ती म्हणाली, "असं? मग पाहून सांग." पाहिलं. आणि माघार घेतली.

सुरुवात विदर्भातूनच करता येते. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, तेराव्या शतकाची अखेर. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू हट्ट धरतात की आमचं लग्न लावा. भक्तमंडळी लग्नाचा थाट मांडतात, आणि लग्न म्हटलं की धवळे, म्हणजे वराला उद्देशून म्हणायची गाणी, हवीतच. ती महदाइसेला म्हणायला सांगितली जातात. ती रचते काय, तर रुक्मिणी आणि कृष्णाच्या लग्नाची गोष्ट. भागवतातलं ते आख्यान, निरोप, पळवून नेणं, लढाई यांसकट तिने लग्नाच्या गाण्यात बसवलं. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव शाळेत पाठ केलं होतं, पण ती एका दिलेल्या गोष्टीचं दिलेल्या चालीत गाणं करत होती, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याहून गंमत पुढेच आहे. तिचंच 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' नावाचं आणखी एक काव्य आहे. मातृका म्हणजे वर्णमाला. एकेक अक्षर घेऊन तेवढ्यात तीच गोष्ट परत सांगितलेली. बहिणीला हे सांगितलं तर तिने लगेच पुढच्या आठवड्याचा गृहपाठ ठरवून टाकला. बिचारी पोरं.

महानुभावांचा आमच्या जिल्ह्याशीही संबंध आहे. चक्रधरस्वामींच्या शिष्यांतला नीळभट्ट भांडारेकार हा भंडार्‍याचाच. आणि वैनगंगेच्या काठी, भंडार्‍यापासून जवळ पण नागपूर जिल्ह्याच्या हद्दीत, अंभोरा आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, 'विवेकसिंधु' तिथेच लिहिला असं आमच्याकडे मानतात. मराठवाड्यातले लोक अंबेजोगाई म्हणतात, तिथे त्यांची समाधीही आहे, आणि हा वाद लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघतो. मी भंडार्‍याचा असल्यामुळे माझं मत विचारू नका. पण शंकराचार्यांचं वेदान्त संस्कृत न येणार्‍याला ओवीत सांगावं असं त्या माणसाला वाटलं, हे दोन्हीकडच्यांना मान्य आहे.

पुढे मोरोपंत (१७२९-१७९४). त्यांनी रामायण एकदा नाही, १०८ वेळा सांगितलं असं म्हणतात. ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण, 'परंतु' हा शब्द खेळवत नेलेलं परंतु रामायण. खरं सांगायचं तर मला ही कसरत वाटते. गोष्ट आधीच सगळ्यांना माहीत आहे, ती कमी शब्दांत कशी बसते तेवढंच बघायचं. बहिणीच्या वर्गातली दोन-तीन हुशार मुलं या वाटेने जातात म्हणे. यमक झकास, आणि गोष्टीचा पत्ता नाही.

महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला तो दुसर्‍या टोकाचा. कुळवाडी, माळी, महार, मांग अशा लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिला, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. महाराजांचं अख्खं चरित्र, जन्मापासून शेवटापर्यंत. शाळेची पुस्तकं ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हती त्यांच्यासाठी गाणं हेच पुस्तक. आणि त्याच वर्षी त्यांनी विद्याखात्यातल्या पंतोजींवरही एक पोवाडा लिहिला! ते वाचताना मला आमचे गुरुजी आठवले. मी थोडा हसलो, कबूल करतो.

पण मी बहिणीपुढे पुरता शरण गेलो तो गीतरामायणामुळे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि वर्षभर चाललं. गाणी ५६. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत. वाल्मीकींचे चोवीस हजार श्लोक छप्पन गाण्यांत. आमच्या घरी कॅसेट होत्या, आईची सकाळ त्यांच्यावर जायची. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. गदिमांनी जवळजवळ प्रत्येक गाणं कोणा ना कोणाच्या तोंडी दिलंय. कौसल्या, दशरथ, अहल्या, शबरी, भरत, शूर्पणखा. निवेदक 'मग असं झालं, मग तसं झालं' करत बसत नाही. जो बोलतो त्याला जेवढं लागलंय तेवढंच येतं, बाकीचं आपोआप गळतं. आबाजींचा प्रश्नच की हा. गोठ कोनाची हाये?

शिवाय सुरुवात कुठून होते पाहा. दोन मुलं एका राजाच्या सभेत त्याचीच गोष्ट गाऊन दाखवताहेत, आणि तो राजा त्यांचा बाप आहे. वाल्मीकींनी कुश-लवांना रामायण शिकवलं ते गाऊन. शिकवणी वर्गाचं याहून जुनं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

आता परत त्या पोरीच्या तांब्याकडे येतो. रामायणात श्रावणबाळाची गोष्ट कुठे येते हे शोधलं. अयोध्याकांडात. राम वनात गेलाय, दशरथ शेवटचे श्वास मोजतोय आणि रात्री कौसल्येला तो हे सांगतो: तरुणपणी अंधारात आवाजावर बाण मारला, हत्ती पाणी पितोय असं वाटलं, आणि निघाला एक मुलगा. वाल्मीकींकडे त्या मुलाला श्रावण हे नावही नाही. म्हणजे तिथे ती मारणार्‍याची गोष्ट आहे. आपण लहानपणी ऐकतो तेव्हा ती कावड वाहणार्‍या आज्ञाधारक मुलाची असते, कारण सांगणारे आईबाप असतात. आणि लाखांदूर तालुक्यातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने ती तहानेची केली. दशरथ नाही, शाप नाही, कावडसुद्धा नाही. पाणी पोचलं नाही एवढंच. बहिणीने सांगितलं की त्यांच्या टोलीवरचा हातपंप उन्हाळ्यात आटतो आणि तेव्हा पाणी आणायचं काम याच मुलीकडे असतं. मी काही बोललो नाही.

सारांश म्हणून पाहिलं तर हे अपुरं आहे, मान्य. परीक्षेत 'बाण कोणी मारला?' विचारलं तर गाण्यात उत्तर नाही. याला बहिणीने एक तोड काढली आहे. गाणं झालं की दुसर्‍या मुलाने उठून गाण्यात काय राहिलं ते सांगायचं. मग भांडण जुंपतं. दशरथ का नाही घेतला? त्याच्यावर यमक जुळत नव्हतं. एकदा एका मुलाने श्रावणबाळाला जिवंतच ठेवलं, कारण 'गेला'ला जोडायला त्याला 'आला' हवं होतं. श्रावणबाळ पाणी घेऊन घरी आला, झालं! वर्गाने त्याला तासभर सोडलं नाही. शेवटी त्याने शेवटचं कडवं बदललं आणि 'आला' बाणाला दिलं. बहीण म्हणते, त्या तासात धडा जेवढा पक्का झाला तेवढा प्रश्नोत्तरांनी महिनाभरात झाला नसता. शिक्षकांना आपल्या युक्तीचं कौतुक असतंच, तेव्हा यातले थोडे मार्क कापून वाचा.

तोटेही आहेत. सगळ्या गोष्टी गाण्यात जात नाहीत. विनोदी गोष्ट गाण्यात गेली की तिचा विनोद बहुधा जातो. सिनेमाची चाल घेतली की सिनेमाचे शब्द मध्येच घुसतात. जी मुलं मुळातच लाजरी असतात ती वहीत लिहितात पण गात नाहीत, आणि न गाता ते गाणं लंगडं पडतं. शिवाय पाचवीनंतर हे बंद. पुढे दहावीला उतार्‍याचा सारांश एक तृतीयांश शब्दांत लिहायचा असतो, तिथे धृपद चालत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत कवितेचा अर्थ गद्यात लिहायला सांगतात, पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गद्याची कविता करा असं मला तरी कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

झाडीबोलीची परिस्थिती मात्र आमच्या वेळेपेक्षा बरी आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केला, तिची चळवळ उभी केली, तिची साहित्य संमेलनं भरू लागली. बहिणीच्या वर्गात पहिला खर्डा बोलीतच होतो. पक्का करताना कोणते शब्द बदलायचे हे मुलं ठरवतात. त्या मुलीने 'बान' आणि 'रायला' दोन्ही ठेवलं. 'राहिला' म्हणून पाहिलं म्हणे, चालीत बसेना.

फोन ठेवताना बहिणीने परत विचारलं, चाल आठवते का? ती आबाजींच्या वेळी फार लहान होती. आबाजी १९९४ मध्ये गेले तेव्हा तिला मंडईतला फुगेवाला आठवत होता, दंडार नाही. मी गुणगुणून पाहिली. भीष्माचं धृपद आलं. पहिली ओळ आली, दुसरी आली. तिसर्‍या ओळीला चाल वर चढायची की खाली उतरायची, हे काही केल्या आठवेना. दोन्ही करून पाहिलं. आईला विचारलं, ती म्हणाली, वर. मामांना विचारलं, ते म्हणाले, खाली.

मी दोन ओळींची क्लिप तशीच पाठवून दिली आणि खाली लिहिलं, तिसरी विसरलो. काल तिचं उत्तर आलं. सोबत वीस-बावीस पोरांचा गलका होता. पहिल्या दोन ओळी आबाजींच्या, तिसरीला पोरांनी कोणत्यातरी सिनेमाची चाल लावली होती, आणि ती ना वर जात होती ना खाली, सरळ सपाट धावत सुटली होती. चौथ्या ओळीला मात्र सगळे एकदम थांबले आणि एकटीचा आवाज आला, तांब्या तसाच रायला.